मुंबईहून परदेशात इंग्रजी शिकवणं आणि तिथून दुसऱ्या देशात हलणं: कागद, क्रम, हिशेब

गिरगाव_टू_बँकॉक (धागाकर्ता)

परदेशात इंग्रजी शिकवायला जावं का, यावर चर्चा खूप झाली. इथे पुढचा प्रश्न घेऊ: एका देशात दोन वर्षं शिकवून झाल्यावर दुसरीकडे हलायचं तर काय करावं लागतं?

नमुन्यासाठी एक प्रोफाइल धरू. मुंबई विद्यापीठाची इंग्रजीतली बी.ए., 120 तासांचं ऑनलाइन टेफल (इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र), बी.एड. नाही, थायलंडच्या शाळेत दोन वर्षं काम, करार मार्चअखेर संपतो. पर्याय तीन: तिथेच शाळा बदलणं, जपान, नाहीतर दुबई-अबू धाबी. प्रत्येकासाठी काय लागतं, किती आधी सुरुवात करावी आणि घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

एक विनंती. "आमच्या वेळी असं झालं" छापाचे किस्से नकोत. पायऱ्या, आकडे, अटी लिहा.

कागदवाली_दादर

देश नंतर ठरवा, कागद आधी. तिन्ही देशांना पदवीचं प्रमाणपत्र लागतं, पण प्रत्येकाला त्याच्यावर वेगळा शिक्का हवा असतो. निम्मी गडबड तिथेच होते.

अपोस्टिल म्हणजे करारातले देश एकमेकांचा मानतात असा एकच शिक्का. जपान त्या करारात आहे, भारतही 2005 पासून आहे. त्यामुळे जपानसाठी कुठे प्रमाणीकरण मागितलंच, तर अपोस्टिलवर काम संपतं. संयुक्त अरब अमिरात त्या करारात नाही. तिथे साखळी लांब: विद्यापीठाची पडताळणी, मंत्रालयात उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा आणि तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. एक कडी राहिली की पुढचा माणूस कागद हातात घेत नाही.

परराष्ट्र मंत्रालयाचं काम 2019 पासून मुंबईतही होतं, दिल्लीला कागद पाठवायची गरज नाही. मात्र अर्जदाराकडून ते थेट कागद घेत नाहीत, नेमलेल्या एजन्सीच्या केंद्रावर द्यावे लागतात. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे 50 रुपये आहे, वर एजन्सीचा सेवाआकार. बाहेरचा दलाल काही हजार मागतो, ते मंत्रालय आणि विद्यापीठाच्या खेपांचे. खेपा स्वतः घालता येत असतील तर तो खर्च वाचतो.

दिल्लीत उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा शिक्का घेऊन अपोस्टिल करायचा जलद मार्ग दलाल सुचवतात. अपोस्टिल निघतं, खोटं नाही. पण आखातासाठी शैक्षणिक कागदावर राज्याच्या शिक्षण विभागाचाच शिक्का मागतात. आज जपानसाठी जलद मार्गाने केलं आणि वर्षाने दुबई ठरलं, तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पहिल्यांदाच मंत्रालयाच्या वाटेने जा.

पदवी म्हणजे दीक्षान्त समारंभानंतर मिळणारं मूळ प्रमाणपत्र. पासिंग सर्टिफिकेट किंवा प्रोव्हिजनल चालत नाही. ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) कालिन्याच्या परीक्षा भवनातून मिळतं. तीन-चार सीलबंद प्रती एकदमच काढा. पाकीट फोडलेलं ट्रान्सक्रिप्ट अनेक ठिकाणी नाकारतात.

मुलुंड_मास्तर

यात एक भर. प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका! शिक्का आणि स्टिकर कागदाच्या मागच्या बाजूला बसतात, प्लास्टिकवर नाही. दहावीपासून सगळं लॅमिनेट करून कपाटात ठेवायची आपल्या घरची रीत इथे नडते. घरी प्लास्टिक सोलायला जाऊ नका, शाई त्याच्याबरोबर निघते. दुय्यम प्रत मागवा. दहावी-बारावीची असेल तर मुंबई विभागीय मंडळाच्या वाशी कार्यालयातून, पदवीची असेल तर विद्यापीठातून.

कागदवाली_दादर

मास्तर, बरोबर. आणि नावाचं राहिलंच. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर आईचं नाव त्या ओळीत नसतं आणि क्रमही उलटा. परदेशातल्या कारकुनाला ही दोन माणसं वाटतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं इंग्रजी प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र लागेल आणि त्यावरही तीच शिक्क्यांची साखळी. राजपत्रात नाव बदललं असेल तर त्या पानाची प्रतही फाइलमध्ये हवी.

थाई_थाळीपीठ

थायलंडातच शाळा बदलण्याबद्दल लिहितो. ऐकायला सगळ्यात सोपं, पण तारखांमध्ये सगळ्यात नाजूक.

नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे कामाच्या व्हिसाची वर्षभराची मुदतवाढ नोकरीला बांधलेली असते. नोकरीचा शेवटचा दिवस तोच मुक्कामाच्या परवानगीचा शेवटचा दिवस, पासपोर्टवर पुढची तारीख छापलेली असली तरी. त्याच दिवशी इमिग्रेशनमध्ये जाऊन मुदतवाढ रद्द करायची असते. तिथे 1,900 बात भरून सात दिवस मागता येतात. उशीर झाला तर ओव्हरस्टेचा दंड दिवसाला 500 बात, कमाल 20,000.

नव्या शाळेचे कागद त्या दिवसाआधी हातात असतील तर देशातच बदल जमतो. नसतील तर बाहेर जाऊन नवा नॉन-बी घेऊन यावं लागतं. जुनी शाळा मार्चमध्ये सोडायची आणि नवं सत्र मेच्या मध्याला, त्यामुळे मधले सहा आठवडे कोणाच्याच नावावर नसतात. करार मार्चअखेर न संपता एप्रिलअखेरपर्यंत ओढता येतो का, हे सही करतानाच विचारायचं. बाराऐवजी अकरा किंवा दहा महिन्यांचा करार देणाऱ्या शाळा बऱ्याच आहेत. सुट्टीचा पगार वाचवायचा, एवढाच हेतू.

इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांचा पासपोर्ट नसेल तर इंग्रजीच्या परीक्षेत, टोइक 600 किंवा आयेल्ट्स 5.5 च्या आसपासचा गुण मागितला जातो. दोन्ही गुणपत्रकं दोन वर्षांनी शिळी होतात. दोन वर्षांपूर्वी येताना दिलेली परीक्षा आता पुन्हा द्यावी लागेल, हे प्रोफाइलवाल्याने आजच लिहून ठेवावं.

शिक्षक परवान्याचं खातं खुरुसफा. बी.एड. नसलेल्याला ते दोन वर्षांची तात्पुरती सूट देतं. शाळा बदलली की नव्या शाळेने नव्याने अर्ज करायचा. सूट कायम मिळत राहील असं धरून चालू नका.

किरकोळ पण महाग पडणारं: दर 90 दिवसांनी पत्त्याची नोंद, चुकली तर साधारण 2,000 बात. आणि दिवाळीला मुंबईला येण्याआधी री-एन्ट्री परमिट, एका खेपेचं 1,000, अनेक खेपांचं 3,800 बात. ते न घेता विमानात बसलं की मुदतवाढ तिथेच संपली.

परळची_पोर

दक्षिण कोरिया कोणीच घेतला नाही?

निप्पॉन_नाना

तिथला ई-2 व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार 2010 पासून लागू आहे. त्यात भारतीय शिक्षकाला शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक होण्याची फट ठेवली आहे, पण त्यासाठी पदवीबरोबर शिक्षक पात्रताही लागते. बी.एड. नसेल तर तो विषय तिथेच थांबतो. खासगी शिकवणी वर्ग या फटीत बसत नाहीत.

जपानचं सविस्तर सांगतो.

कामाच्या व्हिसाचे दोन वेगळे दर्जे आहेत. सार्वजनिक शाळेत शिकवायचं तर इन्स्ट्रक्टर. खासगी संभाषण वर्गात, म्हणजे एइकाइवात शिकवायचं तर मानव्यविद्या-आंतरराष्ट्रीय सेवा हा दर्जा. एकावरून दुसऱ्यावर उडी मारली तर दर्जा बदलण्याचा अर्ज करावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत नवं काम सुरू करायचं नाही.

आपल्यासाठी खरी अट वेगळीच आहे. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशातल्या माणसाने किमान 12 वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून घेतल्याचं दाखवावं लागतं. पहिली ते बारावी इंग्रजी माध्यम असेल तर प्रश्न नाही, पण दाखवायचं कसं? दहावीच्या मार्कशीटवरून बाहेरच्याला माध्यम कळत नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांकडून आणि कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडून लेटरहेडवर पत्र घ्या: अमुक इयत्ता ते तमुक इयत्ता, वर्षं आणि शिक्षणाचं माध्यम. "इंग्रजी शिकवलं जात होतं" असं मोघम लिहिलेलं पत्र निरुपयोगी. पदवीचं माध्यम इंग्रजी असल्याचं पत्र कॉलेजकडून वेगळं घ्या.

परळची_पोर

म्हणजे मराठी माध्यमातून दहावी झालेल्याने काय करायचं? इंग्रजीत एम.ए. असलं तरी?

निप्पॉन_नाना

वर्षं मोजा. अकरावी-बारावी 2, बी.ए. 3, एम.ए. 2, बी.एड. 2. बेरीज 9. बारा होत नाहीत. मनाला लागतं, कारण यातल्या अनेकांचं व्याकरण कॉन्व्हेंटवाल्यांपेक्षा पक्कं असतं. पण अर्ज तपासणारा माणूस व्याकरण तपासत नाही, तक्ता भरतो. अशा वेळी जपानच्या मागे दोन वर्षं न घालवता आखात किंवा व्हिएतनाम पाहावं. आखातात तुमच्या शालेय माध्यमाबद्दल कोणी विचारत नाही, बी.एड.बद्दल विचारतात.

परत मूळ मुद्द्याकडे. नोकरी मिळाली की कंपनी जपानमध्ये व्हिसासाठी लागणाऱ्या पात्रता प्रमाणपत्राचा अर्ज करते. त्याला एक ते तीन महिने लागतात आणि ते निघाल्यापासून तीन महिन्यांत जपानमध्ये शिरावं लागतं. शाळा एप्रिलला सुरू होतात, म्हणून भरती आदल्या शरद ऋतूपासून चालते. फेब्रुवारीत जाग आली तर त्या वर्षीची गाडी चुकली. व्हिसा थायलंडातल्या जपानी दूतावासातूनही निघतो, पण तिथला तुमचा मुक्काम वैध असेल तरच. नाहीतर मुंबईतल्या कौन्सुलेटमधून.

पगाराचा आकडा बघताना तीन गोष्टी.

एक, करारातले आठवड्याचे तास. 29.5 असा विचित्र आकडा दिसला तर समजा की पूर्णवेळ कामगार म्हणून सामाजिक विमा द्यावा लागू नये, यासाठी तो कापलेला आहे. ऑक्टोबर 2024 पासून 50 पेक्षा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना आठवड्याला 20 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांनाही त्या विम्यात घ्यावं लागतं. तरी मुलाखतीत थेट विचारा: शाकाई होकेन, म्हणजे हा सामाजिक विमा, मिळेल का?

दोन, रहिवासी कर. तो आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर, साधारण 10 टक्के. पहिल्या वर्षी आदल्या वर्षाचं जपानी उत्पन्न नसतं म्हणून कर शून्य. दुसऱ्या वर्षी जूनपासून पगारातून कापला जातो आणि लोकांना वाटतं पगार घटला. 1 जानेवारीला तुम्ही जपानचे रहिवासी असाल तर मार्चमध्ये देश सोडला तरी त्या वर्षीचा कर अंगावर येतो.

तीन, पेन्शन. सहा महिने किंवा जास्त भरलं असेल तर देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागता येतो. सध्या तो जास्तीत जास्त 60 महिन्यांच्या वर्गणीवर मिळतो. कर्मचारी पेन्शनच्या परताव्यातून 20.42 टक्के कर कापतात. तो परत हवा तर निघण्याआधी जपानमध्ये कर प्रतिनिधी नेमा. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर 2016 पासून लागू आहे, त्यात दोन्ही देशांतली वर्षं जोडता येतात. पण एकरकमी उचललं की ती वर्षं पुसली जातात. पुढे जपानला परतायचा विचार असेल तर घाईने उचलू नका.

शिवाय नोकरी सोडल्यावर किंवा बदलल्यावर 14 दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं. तीन महिने कारणाशिवाय काम नसेल तर दर्जा रद्द होऊ शकतो.

शारजा_ते_शिवडी

अमिरातीचं लिहिते. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश-अमेरिकन ऑगस्टअखेर. या धाग्यातल्या प्रोफाइलला बी.एड. नाही. मग शाळेत वर्गशिक्षकाची जागा अवघड. टीचिंग असिस्टंट किंवा खासगी इन्स्टिट्यूट उरतं. बी.एड. आता दोन वर्षांची आहे आणि हलायचा विचार असेल तर तीच सगळ्यात किफायतशीर गुंतवणूक. मात्र दूरस्थ बी.एड. करू नका. विद्यापीठाच्या पडताळणीपत्रात शिक्षणाची पद्धत लिहून येते आणि समकक्षतेत, म्हणजे आपली पदवी तिथल्या तोडीची मानायची का हे ठरवताना, तेच आडवं येतं. आधी शाळेच्या एचआरकडून लेखी उत्तर घ्या, मगच फी भरा.

करारात एकूण पगार पाहू नका, मूळ वेतन पाहा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी त्यावरच ठरते: पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांचं मूळ वेतन, पुढे 30 दिवसांचं. वर्ष पूर्ण होण्याआधी सोडलं तर काही नाही. दोन प्रस्ताव घ्या, दोन्ही 6,000 दिरहमचे. पहिल्यात मूळ 3,000, म्हणजे दिवसाचे 100 आणि वर्षाचे 2,100. दुसऱ्यात मूळ 4,500, म्हणजे दिवसाचे 150 आणि वर्षाचे 3,150. तीन वर्षांनी 6,300 विरुद्ध 9,450. पगाराच्या स्लिपवर हा फरक कधीच डोळ्यात भरत नाही.

प्रोबेशन कमाल सहा महिने. त्यात सोडायचं तर 14 दिवसांची नोटीस पुरते.

कायद्याचं_बोला_काकू

शारजाताई, छोटी दुरुस्ती. 14 दिवस देश सोडून जाणार असाल तर. प्रोबेशनमध्ये अमिरातीतच दुसऱ्या मालकाकडे जायचं असेल तर एक महिन्याची नोटीस, आणि जुन्या मालकाचा भरतीचा खर्च नव्या मालकाने भरायचा. देश सोडून गेलात आणि तीन महिन्यांत नव्या परवान्यावर परत आलात तरी तोच नियम. प्रोबेशननंतर करारात लिहिलेली, 30 ते 90 दिवसांमधली नोटीस.

शारजा_ते_शिवडी

मान्य, काकू. आणखी एक. आखाताच्या वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्सरे असतो. पूर्वी क्षय होऊन बरा झालेला असेल तर फुप्फुसावरचा जुना डागही अडचणीत आणतो. मुंबईत हे दुर्मिळ नाही. राजीनामा देण्याआधी खासगीत एक्सरे काढून डॉक्टरांना दाखवा.

फळ्याजवळ

कागदांवर सगळे तुटून पडले, डेमो धड्यावर कोणी बोललं नाही! प्रस्ताव अडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

आधी सर्टिफिकेटचं. सेल्टा हे इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट म्हणजे पूर्णवेळ चार आठवडे, किमान 120 तास, खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तास मूल्यमापित शिकवणं आणि चार लेखी स्वाध्याय. ट्रिनिटीचं सर्टटिसॉल त्याच तोडीचं. ऑनलाइन 120 तासांत हे प्रत्यक्ष शिकवणंच नसतं, म्हणून ते फक्त व्हिसाच्या रकान्यापुरतं. उलट सेल्टा ही शाळेतल्या बी.एड.ची जागा घेत नाही. प्रौढांच्या संस्थेत सेल्टा वजनदार, आखाती शाळेत बी.एड. लोक हे दोन एकमेकांच्या जागी धरतात आणि फसतात.

डेमो दहा-पंधरा मिनिटांचा. आपल्याकडून होणारी पहिली चूक म्हणजे व्याख्या सांगणं. "यूज्ड टू" शिकवताना "भूतकाळातली सवय" असं सांगून "समजलं का?" विचारलं की सगळे मान डोलावतात आणि परीक्षक वहीत फुली मारतो. त्याऐवजी वाक्य द्या, तो पूर्वी सिगारेट ओढायचा, आणि विचारा: आता ओढतो का? पूर्वी ओढत होता का? एकदाच की अनेकदा? उत्तरं नाही, हो, अनेकदा अशी आली तर संकल्पना पोचली. सूचना देताना कृती करून दाखवा. लांब सूचना पातळीबाहेरच्या इंग्रजीत दिली तर जोड्या लावायलाच तीन मिनिटं जातात.

उच्चार. ब्रिटिश सोंग आणू नका, ते लगेच उघडं पडतं. चार जागा मात्र नीट करा. लिहिताना आपण "व्हेस्ट" आणि "वेस्ट" वेगळं लिहितो, तोंडातून दोन्ही एकच निघतं. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठावर, दुसऱ्यात ओठांचा चंबू आणि दात दूर. "फॅन"मधला फ फळातला नाही, तो दात-ओठांमधून घासत सोडायचा. "झू" म्हणताना "जागा"मधला ज येतो, म्हणजे आधी जीभ टेकते. ती टेकू द्यायची नाही. आणि आघात, म्हणजे शब्दाच्या एखाद्या अवयवावर (सिलॅबलवर) दिलेला जोर: "फोटोग्राफ"मध्ये पहिल्या अवयवावर, "फोटोग्राफर"मध्ये दुसऱ्यावर. आपण सगळे अवयव सारख्या वजनाने म्हणतो. ऐकणाऱ्याला अडतं ते इथे, ट-ड जाड असल्याने तितकं नाही.

अंधेरी_लोकल

एजंटबद्दल कोणी सांगेल का? अंधेरीत एका खोलीत "दुबई टीचर जॉब, दीड लाख" अशी पाटी आहे.

कायद्याचं_बोला_काकू

1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशी नोकरभरती करणाऱ्याला नोंदणी लागते. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, परवान्याची मुदतही दिसते. उमेदवाराकडून घ्यायचा सेवाआकार कमाल 30,000 रुपये अधिक जीएसटी, रीतसर पावतीसह. दीड लाख म्हणणारा तिथेच बाद. "आधी व्हिजिट व्हिसावर चला, मग बदलून घेऊ" म्हणणारा त्याहून धोक्याचा. शाळेच्या डोमेनवरून आलेली ईमेल आणि सही झालेला प्रस्ताव येईपर्यंत मूळ प्रमाणपत्र कोणाच्या हातात देऊ नका.

हिशेबनीस_ठाणे

कराचं थोडक्यात. नोकरीसाठी भारत सोडणारा नागरिक त्या आर्थिक वर्षात 182 दिवसांपेक्षा कमी भारतात असेल तर त्या वर्षी अनिवासी. 1 एप्रिलपासून मोजलं तर 182 दिवस 29 सप्टेंबरला भरतात, म्हणून शक्य असेल तर त्याच्या आठवडाभर आधीच निघा. ऑक्टोबरमध्ये गेलात तर त्या वर्षीचा परदेशातला पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. बँकेतलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपया खातं) करून घ्या. आधीचं पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं, नवं उघडता येत नाही.

गिरगाव_टू_बँकॉक (धागाकर्ता)

फार उपयोगी प्रतिसाद. यातून प्रोफाइलसाठी मागून पुढे असा क्रम काढतो, चुकलं तर सांगा. जपानचा एप्रिल धरला तर आदल्या ऑगस्टमध्ये माध्यमाची पत्रं, सप्टेंबरमध्ये अर्ज, डिसेंबरपर्यंत प्रस्ताव, मार्चपर्यंत पात्रता प्रमाणपत्र. ते हातात आल्यावरच थाई शाळेला राजीनामा. पोलिस क्लिअरन्स मुंबईत आल्यावर काढावं का?

कागदवाली_दादर

भारताचं तिथल्या भारतीय दूतावासामार्फतही मिळतं. मुंबईत पासपोर्ट सेवेतून काढलं तर फी 500 रुपये. ते देशाच्या नावाने असतं, जपानसाठी काढलेलं दुबईला चालत नाही. अनेक ठिकाणी तीन ते सहा महिन्यांपेक्षा जुनं नको असतं, म्हणून फार लवकरही काढू नका.

पण थायलंडचं क्लिअरन्स तिथे असतानाच काढा. जिथे जिथे राहिलात तिथलं प्रत्येक ठिकाणचं पुढची शाळा मागणार, आणि देश सोडल्यावर बोटांचे ठसे, दूतावास, कुरिअर असा फेरा सुरू होतो. मूळ पदवी तुमच्याजवळ बँकॉकमध्ये असेल तर ती यंदाच्या सुट्टीत मुंबईला आणा आणि मंत्रालयाचं काम करूनच परत न्या. कुरिअरने पाठवणार असाल तर घरच्या माणसाच्या नावाने सही केलेलं अधिकारपत्र आणि पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची स्वसाक्षांकित प्रत त्याच पाकिटात घाला. ते नसेल तर खिडकीवरून कागद परत येतो.